इंजिनाला बसलेली ताटी

आमच्या व्हॅनमध्ये एक लाल दिवा होता आणि त्याच्यावर आमच्या घरात कोणाचाही विश्वास नव्हता. इंजिनातल्या तेलाचा दाब कमी झाला की तो लागतो, हे मला पाठ होतं. बाबांना तर माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. तरीही त्या दिव्यावर बाबांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. हसायचं असेल तर हसा, पण आधी तो दिवा आमच्याशी कसा वागला होता ते ऐकून घ्या.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती आणि आमचा धंदा वाळ्याच्या ताट्यांचा. नागपुरातल्या सगळ्या खिडक्या अजून कुलरने काबीज केल्या नव्हत्या. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून भरायची, तारेने आवळायची, चौकट खिडकीत उभी करून वरून पाणी सोडायचं, की बाहेरची झळ आत येताना गार आणि सुवासिक होऊन येते. आई ताट्या बांधायची, मी मापं घ्यायची आणि ताट्या बसवायची, बाबा गाडी चालवायचे. सक्करदऱ्याच्या आमच्या घरापासून मार्च ते जून ही गाडी नुसती पळत असे. कचेऱ्या, वकिलांचे बंगले, एक प्रसूतिगृह, काटोलचे संत्र्याचे व्यापारी. भिवापूरचा एक मिरचीवालाही होता, त्याच्या ताटीतून येणाऱ्या गार हवेलासुद्धा ठसका असायचा.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. तिचं नाक चपटं आणि इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उजवीकडे बाबा, डावीकडे मी, मधे धगधगतं इंजिन, असा आमचा संसार. डावीकडचं दार बाहेरून उघडणं हे एक शास्त्र होतं. मूठ वर उचलायची, गुडघ्याने दार आत रेटायचं आणि मग एकदम ओढायचं. गिऱ्हाइकांपैकी कोणालाही ते कधी जमलं नाही. मी अकरा वर्षं त्याच दारातून चढत-उतरत होते. बाबांना ते दार उघडायची वेळच आली नव्हती.

सगळ्या गावाला ताट्या पुरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीला ताटी बसवली नसती तरच नवल. रेडिएटरच्या जाळीसमोर बाबांनी एक छोटी ताटी बांधली होती. निघताना तिच्यावर बादलीभर पाणी मारायचं काम माझं. मी सांगते ती गोष्ट घडली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हा लाल दिवा वाटेल तेव्हा लागायला लागला. मिस्त्रीने दोन दिवस इंजिनात डोकं घातलं, त्याला काही सापडलं नाही. सापडलं ते मला. ताटी ओली झाली की जड होऊन खाली बसायची, तिची तार दिव्याच्या वायरीवर घासून घासून वायर सोलली गेली होती, आणि ती उघडी वायर पत्र्याला टेकली की दिवा लागायचा. ताटी वाळली की हलकी होऊन वर यायची आणि दिवा विझायचा. तेलाचा काही संबंध नव्हता. वायरीवर मी चिकटपट्टी गुंडाळली, आणि उरलेला तुकडा बाबांनी दिव्यावर चिकटवला.

"खोटारडा हाये हा," ते म्हणाले. "याचं तोंड बंदच बरं."

मीही खूश होते. दिव्याला खोटं पाडणारी मीच होते आणि वर्षभर ते मी कोणाला विसरू दिलं नाही.

बाबा गाडी कानांनी चालवत. पंचवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. शेजारून कोणाची गाडी गेली की म्हणत, "याचं बेरिंग आठ दिवसांत जाते," आणि जात असे. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. झाकणावर बोटं वाजवून दाखवायचे, हा आवाज इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या टॅपेटचा, हा पट्ट्याचा, हा नुसताच सैल पत्र्याचा. पण दोन-तीन वर्षांपासून आई मागून हाक मारायची आणि ते वळायचे नाहीत. एकदा आईच्या हातून पितळी परात पडली. आवाज ऐकून शेजारची बाई धावत आली आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे तार कापत राहिले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात या गोष्टीवर कोणी बोलत नव्हतं.

गाडी चालवायचा परवाना मी काढला तेव्हा चोवीस वर्षांची होते. शिकवलं बाबांनीच, पण ताट्या भरलेली गाडी रस्त्यावर माझ्या हाती द्यायला ते तयार नव्हते. मी आदळआपट केली. बापाच्या शेजारी बसून म्हातारी होऊ का, असं विचारलं. तेव्हा आईच्या देखत ते म्हणाले, "ज्या दिवशी गाडीचं दुखणं मले समजणार नाही, त्या दिवशी चावी तुह्या हातात. शब्द देतो."

मला ती चावी हवी होती. उगाच सोज्वळपणा कशाला दाखवू, मला ती फार हवी होती. बाबांपेक्षा मी वळणं चांगली घेते हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, काटोलच्या रस्त्यावर ते झालं. मागे बारा ताट्या होत्या. ऊन असं की समोरचं काही दिसू नये. मी सहज डोळ्यांवर हात धरला आणि त्या सावलीत मला दिसलं, काळ्या चिकटपट्टीच्या कडेने लाल उजेड झिरपत होता.

"बाबा, दिवा."

"काय?"

"दिवा लागून राहिला!" मी ओरडले.

"ताटी ओली हाये वं. पाणी तूच मारलं ना सकाळी?"

त्याच वेळी मला झाकणाखालून टिकटिक ऐकू आली. शिलाई मशीन चालावं तशी, बारीक आणि एकसारखी. टॅपेटला तेल कमी पडलं की ते असं वाजतं. हे मला याच माणसाने, याच झाकणावर बोटं वाजवून शिकवलं होतं. टिकटिक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि ते मजेत मान डोलवत गाडी चालवत होते. तेलाचा दाब खरंच पडला असेल तर इंजिन जागच्या जागी जाम व्हायला वेळ लागत नाही, आणि इंजिन गेलं की आमचा उन्हाळा गेला. तरी त्या क्षणी मला भीती इंजिनाची नव्हती वाटली.

मला चहा पाहिजे म्हणून हटून बसले तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी पुन्हा चालू केली तेव्हा दिवा विझलेला होता. टिकटिकही नव्हती.

"पाह्य," बाबा म्हणाले. "वाळली अन् विझला. तूच तं शोधलं होतं हे मागच्या साली."

माझीच हुशारी माझ्या तोंडावर फेकून ते हसले.

त्या आठवड्यात मी गाडीवर पाळत ठेवली. दर वेळी तेच. आठ-दहा किलोमीटर गेलं की पट्टीच्या कडेने लाल उजेड आणि टिकटिक. मी काहीतरी निमित्त काढून गाडी थांबवायची, कधी माप विसरलं म्हणून, कधी चप्पल तुटली म्हणून. थोडा वेळ उभी राहिली की दोन्ही गायब. एका आठवड्यात तीन वेळा चप्पल तुटणारी मुलगी कुठल्याच बापाने पाहिली नसेल, पण बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही.

शेवटी मी आईला सांगितलं. ती वाळा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तं सांगून टाक ना त्यायले," ती म्हणाली. "टिकटिक होऊन राहिली अन् तुमाले ऐकू नाही येत, म्हण. चावी पाहिजे होती ना तुले?"

"तू काहून नाही सांगत?"

"मले नको वं बाप्पा," आई म्हणाली. "मी परातीचं बी नाही सांगितलं."

मला तिचा राग आला आणि माझाही आला. मग मी ठरवलं की टिकटिकीचं नाव काढायचं नाही. दिवा खरा की खोटा, एवढंच शोधायचं, तेही असं की बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कानांचा विषय मधे येणारच नाही. मला वाटलं, किती हुशार मी.

वैशाखी पौर्णिमेला आमचं काम बंद असे. सकाळी पांढऱ्या कपड्यांत आम्ही तिघं विहारात जाऊन आलो. घरी आल्या आल्या मी पांढऱ्या साडीवर बाबांचा जुना खाकी शर्ट चढवला, पदर खोचला आणि इंजिनाचं झाकण उचललं. आई म्हणाली, आजच्या दिवशी तरी माणसासारखी राहा. मी ऐकलं नाही.

पहिलं काम, तेल मोजायची लोखंडी पट्टी ओढून तेल पाहणं. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. म्हणजे तेल कमी नव्हतं. दुसरं काम, ताटी. मी रेडिएटरसमोरची ताटी सरळ सोडून अंगणात ठेवून दिली आणि दिव्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली.

"ताटीच नाही तं दिवा लागणार नाही ना?" मी बाबांना विचारलं.

"नाहीच लागणार."

"मंग चला, उमरेड रोडनं चक्कर मारून येऊ."

ते निघाले. मला खात्री आहे, मला तोंडघशी पाडायलाच निघाले. आठव्या-नवव्या किलोमीटरला दिवा लागला. बाबांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झाकण उचलून इंजिनाच्या अंगच्या कळीवरून दिव्याची वायर ओढून काढली. दाब पडला की दिवा लावते ती ही कळ, बोटाएवढीच असते. दिवा विझला. वायर पत्र्याला टेकत असती तर दिवा तसाच राहिला असता. म्हणजे या वेळी वायर निर्दोष होती.

"कळ खराब अशीन," बाबा म्हणाले.

"असू शकते," मी म्हणाले, आणि ते खरंही होतं. अशी कळ कधीकधी खराब होते. मला तर मनातून वाटत होतं की कळच खराब निघो. पण झाकणाखाली टिकटिक चालू होती, मला ती ऐकू येत होती, आणि कळ टिकटिक करत नाही.

गाडी थांबून थांबून सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या मिस्त्रीकडे आणली. हा आमचा नेहमीचा मिस्त्री, बाबांच्या ट्रकच्या दिवसांतला दोस्त. सगळं ऐकून त्याने हात पुसले आणि म्हणाला, "जुनं इंजिन हाये भौ. घट्ट तेल टाकतो, दिवा गप बसन."

माझं डोकं फिरलं. ताप आला तर औषध द्यायचं की थर्मामीटर लपवून ठेवायचं? मी म्हणाले, "काका, घट्ट तेलानं दिवा गप बसन, दुखणं गप बसन का? तुमच्याजवळ दाब मोजायचं घड्याळ हाये ना, ते लावा."

"पोरगी तापट हाये तुही," मिस्त्री बाबांना म्हणाला.

"तिले तसंच पाहिजे अशीन तं लाव," बाबा म्हणाले.

मिस्त्रीने कळ काढून तिथे घड्याळाची नळी बसवली. नळी लांब होती, त्यामुळे घड्याळ मला मांडीवर घेऊन बसता आलं. निघताना काटा चाळीसवर होता. बाबा गाडी चालवत होते, मिस्त्री मागून वाकून पाहत होता आणि मी मोठ्याने आकडे सांगत होते. आठव्या किलोमीटरपर्यंत चाळीस. मग पस्तीस, मग तीस, मग काटा भराभर खाली उतरायला लागला. वीस. पंधरा. मी काही बोलायच्या आत बाबांनी एक नजर घड्याळावर टाकली आणि इंजिन बंद केलं. गाडी आपल्या जोरावर जाऊन एका कडुनिंबाच्या सावलीत थांबली.

"घड्याळ खोटं नाही ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"कालच दुसऱ्या गाडीवर लावलं होतं," मिस्त्री म्हणाला.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आम्ही खाली उतरलो, पाणी प्यायलो. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी गाडी चालू केली आणि काटा मुकाट्याने चाळीसवर जाऊन बसला. मिस्त्री म्हणाला, पंप गेला, इंजिन खोलावं लागेल. बाबांनी मान हलवली.

"पंप गेला असता तं थांबल्यानं सुधारला नसता. बेरिंग झिजले असते तं चाळीस दाखवलाच नसता. हे खालचं दुखणं हाये. पंप जिथून तेल ओढते ना, त्या जाळीले काहीतरी चिकटते. गाडी चालली का ओढल्या जाते, थांबली का सुटून खाली पडते. इंजिन नको खोलू गा. चेंबर खोल."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहत होते. आठवडाभर मी पाळत ठेवली, ताटी सोडली, वायर काढली, घड्याळ लावायला लावलं, आणि या माणसाने झाडाखाली बसून पंधरा मिनिटांत दुखण्याचा पत्ता सांगितला. माझी छाती फुगली. मला वाटलं, झालं, शब्द शाबूत राहिला, गाडीचं दुखणं त्यांनीच ओळखलं. आता चावीचं काय व्हायचं ते होवो.

परत येताना तीन वेळा थांबलो. मिस्त्रीने गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, तेल सोडलं आणि इंजिनाच्या खालचं चेंबर, म्हणजे ज्या पत्र्याच्या परातीत सगळं तेल जमा होतं ती परात, उतरवली. मी खड्ड्यात त्याच्या शेजारीच उभी होते. आधी वास आला. गरम काळ्या तेलाला वाळ्याचा वास येत होता. मला वाटलं तो माझ्याच अंगाचा असेल, उन्हाळ्यात आमच्या अंगाला चोवीस तास तोच वास. मग मिस्त्रीने जाळीवर दिवा धरला आणि जोरात हसला.

"भौ, या इकडे! तुम्ही तं इंजिनाले बी ताटी बसवली!"

जाळीवर वाळ्याच्या मुळांचा थर होता. बारीक, काळा, एकमेकांत अडकून गच्च झालेला. आईने बांधली असती तर याहून सुबक झाली नसती.

ती तिथे कशी गेली हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. आम्ही तेल सुटं आणायचो, पिंपातलं. मे महिन्यात नागपुरात धूळ कशात जात नाही? म्हणून बाबांनी युक्ती काढली होती. इंजिनात तेल ओतताना नरसाळ्याच्या तोंडात वाळ्याचा बोळा कोंबायचा, म्हणजे तेल गाळून जातं. माठातल्या पाण्यात वाळा टाकतो, तेल काय वेगळं? धूळ अडली, पण दर वेळी चार मुळं सुटून तेलाबरोबर आत गेली. दोन वर्षं जात राहिली. आणि बाबांना हसण्याआधी मी हेही सांगते की बोळा कोंबायचं काम माझं होतं. चांगला घट्ट कोंबायची मी.

मिस्त्रीने जाळी रॉकेलने धुतली, चेंबर पुसून काढलं. बाबा बाहेर उकिडवे बसून जाळीवरून निघालेला तो काळा बोळा बोटांनी उसवत होते. मी हात पुसत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी वर पाहिलं.

"इतका दाब पडत होता," ते म्हणाले, "तं टॅपेट वाजले असतील. आवाज होता का?"

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं. मला आठवतं, तलावाकडून वारा येत होता आणि माझ्या खाकी शर्टाच्या बाह्या तेलाने ओल्या होत्या. ज्या चावीसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं ती त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती, तिचा दोरा बाहेर लोंबत होता. एक "हो" म्हणायचं होतं.

"नव्हता," मी म्हणाले. "मले तं नाही ऐकू आला."

त्यांनी मान डोलावली.

चेंबर बसलं. नवं तेल आलं, सीलबंद डब्यातलं, आणि नरसाळं मिस्त्रीने माझ्या हातात दिलंच नाही. गाडी खड्ड्यावरून बाजूला आणली. घड्याळ अजून लावलेलंच होतं. आम्ही सगळे तिच्यात बसून पुन्हा उमरेड रोडला गेलो, दहा किलोमीटर, बारा, पंधरा. काटा चाळीसवरून हलला नाही. गॅरेजवर परत आलो, मिस्त्रीने घड्याळ काढून कळ बसवली, वायर लावली आणि बाबा म्हणाले, "तू चालू कर एकदा. मी समोरून पाहतो, कुठं गळत तं नाही."

चावी देऊन ते गाडीच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. मी उजव्या सीटवर बसले आणि चावी फिरवली. इंजिन तापलेलं होतं, पण रस्त्यावर माझं सगळं लक्ष काट्यावर होतं, आवाज नीट ऐकायचा राहूनच गेला होता. मी कान दिला. झाकणाखालून एकसारखी, गुबगुबीत, निरोगी घरघर येत होती. आठ दिवसांचं ओझं उतरलं आणि मला इतका आनंद झाला की मी सीटवर उडी मारून मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "गेली! काका, टिकटिक गेली!"

मिस्त्री मागे होता. बाबा समोर होते, काचेपलीकडे. माझा आवाज त्यांच्यापर्यंत जायचा प्रश्नच नव्हता. पण दोन-तीन वर्षं हा माणूस आमच्या तोंडांकडे पाहून आमचं बोलणं समजून घेत होता, हे मला त्या क्षणी कळलं. माझा हात तोंडावर गेला. तेव्हा फार उशीर झाला होता.

ते सावकाश चालत माझ्या खिडकीपाशी आले.

"म्हणजे होती," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलू लागले. दुखणं तुम्हीच ओळखलं बाबा, चेंबर खोल म्हणून तुम्हीच सांगितलं, मिस्त्रीला काय कळत होतं. मी भराभर बोलत होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"ओळखलं ना," ते म्हणाले. "घड्याळ पाहून ओळखलं. चालवताना डोळे रस्त्यावर राहतात, पोरी. गाडीले कानानंच पाहा लागते." मग म्हणाले, "आठ दिवस चपला तोडल्या वं तू. मले वाटलं, पोरगी आळशी झाली."

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि चावी काढून त्यांच्यापुढे धरली. खरं सांगते, ती त्यांनी घ्यावी म्हणून मी विहारात दिवसभर बसले असते. त्यांनी माझी मूठ मिटली.

"ठेव. शब्द देल्ला होता." आणि मिस्त्रीकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पोरगी नेते गाडी घरी. वळणं बरी घेते."

ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. मी आरशात पाहत होते. त्यांनी मूठ खाली दाबली. दार हललं नाही. त्यांनी ओढून पाहिलं, मग पुन्हा दाबली. या गाडीचा प्रत्येक स्क्रू त्यांना डोळे मिटून माहीत होता आणि तिच्या एका दाराची रीत त्यांना माहीत नव्हती.

"मूठ वर उचला, बाबा!" मी आतून ओरडले. "अन् गुडघ्यानं रेटा!"

दाराकडे पाहत असल्यामुळे त्यांना ऐकू गेलं नाही. ते मूठ दाबत राहिले.

मी खाली उतरले. गाडीसमोरून वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मूठ वर उचलली, गुडघ्याने रेटा दिला आणि बाबांसाठी दार उघडलं.